केंटकीतली दफ्तरं आणि आमचे नामंजूर आजोबा

मुलाकडे सहा महिने राहायला आले की पहिले दोन महिने मजेत जातात आणि तिसऱ्यात माणूस भिंतींशी बोलायला लागतो. मुलगा कोलंबसला, म्हणजे ओहायोतल्या. सून केंटकीची, अस्सल तिथलीच, सात-आठ पिढ्या. मला "आई" म्हणते पण त्यातला ई इतका लांबवते की शेजारच्या घरातलं कुत्रं कान टवकारतं.

तर तिची आजी गेली आणि जाताना हिच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आला. (आपल्याकडे त्यात सुईदोरा असतो, तिथे कागद होते.) त्यात बायबलची फाटकी पानं, त्यांवर जन्म-लग्न-मरणाच्या तारखा, आणि एक चिठ्ठी की अमुक आजोबा क्रांतियुद्धात (ब्रिटिशांविरुद्धच्या अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात) मिलिशियात, म्हणजे गावकऱ्यांच्या हंगामी फौजेत होते, पेन्शन मागितली, नाकारली. झालं, हिने ठरवलं डॉटर्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशनची मेंबर व्हायचं. ही बायकांची जुनी संस्था आहे, १८९० ची, आणि मेंबर व्हायला पूर्वजाने युद्धात काहीतरी केलं होतं आणि आपण त्याच्याच वंशातले आहोत हे पिढीगणिक कागद लावून सिद्ध करावं लागतं. मी म्हंटलं, अगं हे तर वारसनोंदीचंच काम! मी आयुष्यभर भूमी अभिलेखमध्ये कारकुनी केलेली, रिटायर झाल्यावर मोडीचा कोर्स केलेला, माझे तर हातच शिवशिवायला लागले.

पेन्शनची फाईल आम्ही घरीच बघितली होती. फेडरल सरकारच्या त्या सगळ्या फायली, सुमारे ऐंशी हजार, कधीच मायक्रोफिल्म झाल्यात आणि आता ऑनलाइनही मिळतात. प्रत्येकीवर एक अक्षर असतं: एस म्हणजे स्वतः सैनिकाला मिळाली, डब्ल्यू म्हणजे विधवेला, आणि आर म्हणजे रिजेक्टेड. आमच्यावर आर. त्या दिवसापासून मी त्यांना नामंजूर आजोबा म्हणायला लागले आणि सुनेलाही तो शब्द पाठ झाला, "नामांजूर".

फाईल का नामंजूर झाली ते सांगते, कारण सगळी ट्रिप त्यावरच बेतली होती. ७ जून १८३२ ला काँग्रेसने कायदा केला की ज्याने युद्धात किमान सहा महिने सेवा केली, मग तो मिलिशियावाला का असेना, त्याला पेन्शन. दोन वर्षं केली असेल तर पूर्ण पगार, कमी असेल तर त्या प्रमाणात. साध्या शिपायाला सहा महिन्यांचे वर्षाला २० डॉलर. पण पुरावा कुठून आणायचा? वॉर डिपार्टमेंटचं दफ्तर नोव्हेंबर १८०० मध्ये आगीत गेलेलं, आणि सरहद्दीवरच्या मिलिशियाला डिस्चार्जचा कागद कोण देतंय, लढाई झाली की लोक घरी मका बघायला जायचे. म्हणून कायद्याने सांगितलं की म्हाताऱ्यांनी काउंटी कोर्टात उभं राहून शपथेवर आपली हकीकत सांगायची, कारकून लिहून घेणार, आणि ठरलेले सात प्रश्न विचारणार: जन्म कुठे, वयाची नोंद आहे का, बोलावणं आलं तेव्हा कुठे राहत होता, स्वखुशीने गेलात की चिठ्ठी निघाली की दुसऱ्याच्या बदली गेलात, अधिकारी कोण होते, वगैरे. मला वाचताना सारखे आपले करीने आठवत होते. वतनाचं भांडण लागलं की पेशवाईत माणूस सरकारात येऊन आपल्या घराण्याची सगळी कथा लिहून द्यायचा, दुष्काळ पडला तेव्हा कोण परागंदा झालं, कोणी कोणाला मारलं, सगळं. तसंच हे. खरं बोलायचा हेतू असो नसो, पोटाचा हेतू पक्का असतो.

आमच्या आजोबांनी १८३३ साली, वय ७१, सांगितलं की मी तरुणपणी लिंकन काउंटीच्या मिलिशियात होतो, इतके दिवस अमक्या ठाण्यावर पहारा, इतके दिवस रानात माग काढायला, मग १७८२ च्या ऑगस्टमध्ये कर्नल लोगनबरोबर ब्लू लिक्सला मेलेल्यांना पुरायला, मग नोव्हेंबरमध्ये जनरल क्लार्कबरोबर शॉनी या मूळनिवासी लोकांची गावं जाळायला. बेरीज भरली पाच महिने आणि काही दिवस. पुढच्या मोहिमाही त्यांनी मोजून सांगितल्या, पण १७८३ नंतरचं त्या कायद्यात धरत नव्हते. तीन वर्षं ते पत्रं पाठवत राहिले. म्हणून फाईल इतकी जाड. मंजूर झाली असती तर चार कागदांवर संपली असती आणि आम्हाला काही कळलंच नसतं.

दिवस पहिला : ब्लू लिक्स

सकाळी सातला निघायचं ठरलेलं, निघालो साडेआठला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासभर चहा घेतला. मुलगा म्हणाला तिकडे सगळं मिळतं गं, पण मला अमेरिकेतलं सगळं मिळतं म्हणजे काय मिळतं ते माहितीय.

ओहायो नदी मेजव्हिलला ओलांडली की केंटकी. तिथून पुढचा रस्ता टेकड्यांचा, तंबाखू वाळवायची काळी लाकडी कोठारं दिसतात, आणि मग लिकिंग नदीच्या वळणावर ब्लू लिक्सचं स्टेट पार्क. लिक म्हणजे खारट पाण्याचे झरे, जनावरं चाटायला येतात म्हणून. बायसनचे कळप शतकानुशतकं येऊन येऊन रानात रस्ते पडले होते आणि माणसंही तेच वापरायची. मीठ करायला शेकडो गॅलन पाणी आटवायचं तेव्हा कुठे एक गोण. डॅनियल बून, केंटकीत गोऱ्यांची वस्ती वसवणाऱ्यांतला सगळ्यात नावाजलेला, इथेच फेब्रुवारी १७७८ मध्ये मीठ करणाऱ्यांच्या टोळीबरोबर आला असताना शॉनींच्या हाती सापडला होता.

लढाई १९ ऑगस्ट १७८२ ची. यॉर्कटाउनला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसने शस्त्रं खाली ठेवून दहा महिने झाले होते, म्हणजे पूर्वेकडच्यांच्या हिशेबाने युद्ध संपल्यात जमा, इकडे मात्र कोणी कोणाला सांगितलेलं नाही. (हाच कॉर्नवॉलिस पुढे आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला आणि मेला तो गाझीपूरला. जग लहान आहे.) ब्रायन्स स्टेशन नावाच्या ठाण्याला शॉनी, वायनडॉट वगैरे लोक आणि थोडे ब्रिटिश रेंजर असा वेढा पडला होता, तो उठवून ते परत निघाले, तर १८२ मिलिशियावाले त्यांच्या मागावर. बूनला माग बघून शंका आली की हे मुद्दाम खुणा ठेवून चाललेत, पलीकडच्या टेकडीमागे दबा असणार. लोगन आणखी माणसं घेऊन येतोय तोवर थांबू असं त्याचं म्हणणं. तेवढ्यात ह्यू मॅगॅरी नावाचा मेजर घोडा पाण्यात घालून ओरडला की भित्रे नसतील त्यांनी माझ्यामागे या, आणि सगळे गेले. पाऊण तास पण नाही, पंधरा-एक मिनिटांत सत्तरच्या वर माणसं मेली. कर्नल टॉड गेला, ट्रिग गेला, बूनचा मुलगा इस्राएल बापाच्या डोळ्यासमोर गेला. मॅगॅरी वाचला. असे लोक वाचतातच.

ग्रॅनाइटचा उंच खांब आहे १९२८ चा, त्यावर नावं. सूनबाई नावं वाचत फिरत होती, मी नदीकडे बघत बसले. नदी एवढीशी आहे हो. आपल्या मुठेला पावसाळ्यात जेवढं पाणी असतं तेवढंही नाही.

आजोबांच्या जबानीत इथलं एकच वाक्य आहे. सगळी कारकुनी भाषा, "सदर अर्जदार म्हणतो की", आणि मध्येच, की पाच दिवसांचं ऊन होतं आणि कोण कुठला ते ओळखू येत नव्हतं म्हणून सगळे एकत्र पुरले. लोगन २४ तारखेला पोचला हे पुस्तकात आहेच, म्हणजे पाच दिवस बरोबर. पन्नास वर्षांनी म्हाताऱ्याला अधिकाऱ्यांची नावं चुकीची आठवली (फाईलमध्ये कोणीतरी लाल शाईने रेघ मारलीय) पण ऊन किती दिवसांचं होतं ते बरोबर.

दशम्या पार्किंगमध्ये खाल्ल्या. रात्री लेक्सिंग्टनला मुक्काम, मोटेलचं नाव सांगत नाही, गीझर चालू नव्हता आणि काउंटरवरचा मुलगा म्हणाला की आमच्याकडे अशी तक्रार पहिल्यांदाच आली.

दिवस दुसरा : फ्रँकफर्ट

केंटकीची राजधानी फ्रँकफर्ट, नदीच्या खोलगट वळणात बसलेलं छोटंसं गाव, राजधानी वाटतच नाही. केंटकी हिस्टॉरिकल सोसायटीची लायब्ररी इथे आहे. पर्स लॉकरमध्ये, पेन बंद, फक्त पेन्सिल. मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं.

१७९० आणि १८०० ची केंटकीची जनगणना उरलेली नाही, त्यामुळे इथे सगळे लोक टॅक्स लिस्टवर जगतात. दरवर्षी कमिशनर घरोघर जाऊन लिहायचा: एकवीसच्या वरचे गोरे पुरुष किती, काळे एकूण किती, त्यातले सोळाच्या वरचे किती, घोडे किती, जमीन किती एकर आणि कुठल्या ओढ्यावर. मायक्रोफिल्मचं मशीन फिरवून फिरवून मान गेली. जुन्या इंग्रजीत एस लांबडा काढतात तो एफसारखा दिसतो, म्हणजे काँग्रेस वाचायला गेलं की काँग्रेफ्स. आणि नावं तोडायची सवय, विल्यमचा नुसता डब्ल्यू आणि वर टांगलेला चिमुकला एम, जॉनचं जे-एन-ओ, हे कुठल्या हिशेबाने देव जाणे. सूनबाई पिढीजात इंग्रजी बोलणारी पण ती अडखळायची आणि मी पुढे जायचे, कारण मोडी शिकताना एक कळतं की अक्षर वाचायचं नसतं, त्या कारकुनाचा हात ओळखायचा असतो. दोन पानं त्याच्याबरोबर चाललं की तो कुठे आळस करतो ते कळतं.

साडेअकराला आजोबा सापडले. मीच आधी बघितलं. नाव बरोबर, ओढा बरोबर, घोडे पाच, जमीन २०० एकर. आणि काळे : २, त्यातला सोळाच्या वरचा : १.

मी बोट तिथेच ठेवून बसले. घोड्यांच्या शेजारचा रकाना. ती बघत राहिली आणि मग म्हणाली, "आई, आजी नेवर सेड." मी म्हंटलं आजीला तरी कोणी सांगितलं असेल का गं. पेन्शनच्या तेवढ्या जाड फाईलमध्ये त्या दोघांचा एक शब्द नाही. असायचं कारणच नव्हतं, सात प्रश्नांत तो प्रश्न नव्हता.

पुढच्या वर्षीची रीळ काढली. पुन्हा २. तीन वर्षं सलग २, मग ३. म्हणजे एक मूल झालं किंवा एक विकत घेतलं. रकान्यात दोन्ही सारखंच दिसतं.

जेवायला बाहेर पडलो तेव्हा दोघीही जरा गप्प होतो. नंतर लँड ऑफिसच्या कागदांत शिरलो आणि मला बोलायला तोंड फुटलं, कारण हा माझा प्रांत. व्हर्जिनियाने (केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचीच एक काउंटी होती) १७७९ मध्ये जमिनीचा कायदा केला: १ जानेवारी १७७८ च्या आधी येऊन वसला असाल, मक्याचं एक पीक काढलं असेल तर ४०० एकर, आणि लगतच्या १००० एकरांवर पहिला हक्क. ऐकायला छान. पण आधी मोजणी करून मग वाटायचं सोडून ज्याने त्याने आपली आपली मोजणी आणायची! चतुःसीमा कशा, तर "ओढ्याकाठच्या पांढऱ्या ओकपासून सुरू, तिथून अमुक काठ्या उत्तरेस दोन मेपलच्या झाडांपर्यंत". झाड पडलं की हद्द गेली. एकाच जमिनीवर तिघातिघांचे दावे, घराच्या कौलांसारखे एकावर एक चढलेले, आणि शब्दही तोच वापरतात तिथे, कौलारू दावे. बूनने आयुष्यभर लोकांना जमिनी दाखवल्या, मोजल्या आणि स्वतःच्या सगळ्या कोर्टात घालवल्या, शेवटी मिसुरीला निघून गेला. आमच्या ऑफिसात तीस वर्षं मी हद्दीची भांडणं बघितली, पण एक अख्खं राज्य हद्दीच्या भांडणावर उभं राहिलेलं प्रथमच बघितलं.

संध्याकाळी फ्रँकफर्टच्या स्मशानात बूनची समाधी बघितली. तो १८२० ला मिसुरीत वारला, १८४५ मध्ये केंटकीवाल्यांनी त्याची आणि बायको रिबेकाची हाडं इथे आणून पुरली, आणि मिसुरीवाले अजून म्हणतात की चुकीची हाडं नेली. जागा मात्र सुंदर, खाली नदी, समोर कॅपिटॉलचा घुमट.

दिवस तिसरा : ड्रेपर नावाचा वेडा, आणि बून्सबरो

सकाळी परत लायब्ररीत, दोनच तास. ड्रेपरच्या कागदांची फिल्म बघायची राहिली होती.

लायमन ड्रेपर हा माणूस मला फार आवडला. उंची पाच फूट एक इंच, तब्येत कायम नाजूक, आणि डोक्यात एकच, की ॲपलाशियन डोंगरांपलीकडे जे पहिले लोक गेले त्यातले म्हातारे मरायच्या आत त्यांना गाठायचं. १८४० पासून घोड्यावर, बोटीवर, पायी हिंडला, लोकांच्या माळ्यावरचे कागद गोळा केले, मुलाखती लिहून घेतल्या. १८५१ ला मिसुरीत जाऊन बूनचा मुलगा नेथन आणि सून ऑलिव्ह यांना बोलतं केलं, तीनशेवर पानं. विस्कॉन्सिनच्या हिस्टॉरिकल सोसायटीचा १८५४ पासून सेक्रेटरी, म्हणून केंटकी-टेनेसीचं सगळं दफ्तर थंडीत मॅडिसनला जाऊन बसलंय, जवळपास पाचशे खंड. लोकांची तक्रार की नेलेले कागद परत करत नाही. आणि बूनचं चरित्र लिहायचं ते शेवटपर्यंत लिहून झालं नाही, कारण प्रत्येक वेळी अजून एक म्हातारी कुठेतरी जिवंत असल्याचं कळायचं. आपले राजवाडे डोळ्यासमोर येतात की नाही? तेच पायी हिंडणं, तेच दफ्तरांच्या मागे वेड, तोच तिरसटपणा बहुधा.

ड्रेपरच्याच काळात एक पाद्री होता, जॉन शेन, त्याने १८४० च्या दशकात केंटकीत म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या मुलाखती घेतल्या, तो १८६४ ला वारला तेव्हा त्याचे कागद लिलावात निघाले आणि त्यातले बरेच ड्रेपरने उचलले. शेनचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. पण त्याचं मोठेपण हे की त्याने बायकांना विचारलं. आणि बायकांनी लढाया नाही सांगितल्या, त्यांनी सांगितलं की पहिल्या हिवाळ्यात भाकरीच नव्हती आणि टर्कीच्या छातीचं मांस भाकरी समजून खायचो, नेटल नावाच्या खाजऱ्या झुडपाच्या तंतूंचं कापड विणलं, गाय दूध देईना. आमच्या आजोबांच्या ठाण्याचं नाव एका मुलाखतीत ओझरतं आलं, तेवढ्यावर आम्ही खुश.

दुपारी बून्सबरो. किल्ला म्हणजे तटबंदी नव्हे, लाकडी खोल्यांच्या चार ओळी आणि मधल्या फटीत उभे ओंडके. आत्ताचा सगळा नव्याने बांधलेला आहे, मूळ जागा खाली नदीकाठच्या सपाटीवर. १७७५ ला बूनने रस्ता तोडत येऊन हा वसवला, ज्या कंपनीसाठी वसवला तिने चेरोकींकडून एवढा मुलूख "विकत" घेतला होता की व्हर्जिनियाने ती खरेदीच रद्द केली. सप्टेंबर १७७८ मध्ये शॉनींचा पुढारी ब्लॅकफिश चारशेवर लोक घेऊन आला, आत साठेक पुरुष. नदीकडून भुयार खणलं तर पाऊस आला आणि भुयार बसलं. वेढा उठला, आणि मग गंमत बघा, बूनवरच कोर्ट मार्शल! कैदेत असताना ब्रिटिशांना फितूर झाला असा त्याच्याच माणसांचा आरोप. निर्दोष सुटला, वर मेजर झाला. पण त्या कोर्ट मार्शलचा सरकारी कागद नाहीच, डॅनियल ट्रॅब्यू नावाच्या एकाने १८२७ मध्ये, म्हणजे जवळपास पन्नास वर्षांनी, आठवून लिहिलं ते आपल्याला माहीत. आणि तो कागद कुठे, तर ड्रेपरकडे.

इथे मंक एस्टिलची गोष्ट कळली. गुलाम माणूस, बंदुकीची दारू करण्यात तरबेज, आणि सरहद्दीवर दारू म्हणजे जीव. मार्च १७८२ च्या लिटल माउंटनच्या लढाईत त्याचा मालक कॅप्टन जेम्स एस्टिल मेला, तिथून एका जखमी शिपायाला मंकने पाठीवर घेऊन मैलोगणती चालत ठाण्यावर आणलं. एस्टिलच्या मुलाने त्याला मुक्त केलं. मिलिशियाच्या कुठल्या यादीत शिपाई म्हणून नाव? छे. सूनबाईने त्या पाटीचा फोटो घेतला, बाकी किल्ल्यात तिने एकही घेतला नाही.

दिवस चौथा : हॅरॉड्सबर्ग, पाऊस

दिवसभर पाऊस. हॅरॉड्सबर्गचा किल्ला (१७७४ ची वसाहत, केंटकीतली पहिली कायमची) छत्रीतून बघितला, गुडघ्यापर्यंत चिखल. लिंकनच्या आईवडिलांचं १८०६ ला ज्या झोपडीत लग्न लागलं ती तिथे आणून एका विटांच्या देवळात ठेवलीय. म्हणजे झोपडी देवळात.

लुईव्हिलच्या वाटेवर लाँग रन लागतं. प्रेसिडेंट लिंकनचे आजोबा, त्यांचंही नाव अब्राहम, व्हर्जिनिया मिलिशियात कॅप्टन होते, ते इथे १७८६ मध्ये शेतात काम करताना मारले गेले. आठ-एक वर्षांचा मुलगा टॉमस प्रेताशेजारी, आणि थोरल्या मॉर्डेकायने घरातून बंदूक आणून नेम धरला म्हणून तो वाचला. पुढचं कोणी फारसं सांगत नाही: जमीन हजारो एकर होती, पण कायद्याप्रमाणे सगळी थोरल्याला. टॉमसला काही नाही, तो मोलमजुरी करत मोठा झाला, पुढे स्वतःच्या कष्टाने जमिनी घेतल्या तर त्या हद्दीच्या दाव्यांत अडकल्या, आणि १८१६ ला कंटाळून इंडियानात गेला. म्हणजे परत तेच, सातबारा.

दिवस पाचवा : लुईव्हिल

फिल्सन सोसायटी ही इतिहासाची संस्था १८८४ ची, एका जुन्या श्रीमंती हवेलीत, जिने बघूनच छाती दडपते. इथे आमचं काही सापडलं नाही. एकही कागद नाही. चार तास. सूनबाई वैतागली, मी नाही, आमच्या खात्यात चार तासांत न सापडणं म्हणजे अजून कामाला सुरुवातच नाही.

दुपारी लोकस्ट ग्रोव्ह बघितलं, विटांचं टुमदार घर. जॉर्ज रॉजर्स क्लार्क, ज्याच्या हाताखाली आमचे आजोबा नोव्हेंबर १७८२ मध्ये गावं जाळायला गेले, तो शेवटची नऊ वर्षं बहिणीच्या या घरात होता, एक पाय कापलेला. फेब्रुवारी १७७९ मध्ये गळ्यापर्यंत बर्फगार पाण्यातून माणसं नेऊन त्याने व्हिन्सेन्स हे ब्रिटिशांच्या ताब्यातलं ठाणं जिंकलं होतं. सैन्याला लागणारं धान्य, कापड, दारूगोळा त्याने स्वतःच्या सहीवर उधार आणला. सगळ्या पावत्या व्हर्जिनियाच्या ऑडिटरकडे दिल्या. व्हर्जिनिया म्हणालं पावत्या मिळत नाहीत. सावकारांनी त्याच्या जमिनी काढून घेतल्या. १८१२ ला सरकारला लाज वाटली असावी, वर्षाला ४०० डॉलर आणि एक तलवार दिली, १८१८ ला तो गेला. आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रिचमंडमध्ये सरकारी इमारतीत जुने गठ्ठे काढले तर त्यात ह्याच्या पावत्या. हजारोंनी. बांधून नीट ठेवलेल्या.

मला हसू आवरेना आणि सुनेला कळेना मी का हसतेय. ज्याने कधी सरकारी ऑफिसात काम केलंय त्याला कळेल.

आजोबांच्या पत्रव्यवहारात शेवटी शेवटी १७८६ ची मोहीम येते, लोगनबरोबर परत शॉनींच्या गावांवर. ती मोजणीत धरली नाहीच. पण तिथे काय झालं ते मला कळलं तेव्हा बरं वाटलं की धरली नाही. मोलुंथा नावाचा म्हातारा पुढारी, ज्याने त्याच वर्षाच्या सुरुवातीला अमेरिकनांशी तह केला होता, तो शरण आला होता, त्याला मॅगॅरीने, हो तोच ब्लू लिक्सचा, विचारलं की तू ब्लू लिक्सला होतास का, आणि कुऱ्हाड घातली. मॅगॅरीचं कोर्ट मार्शल झालं, शिक्षा एक वर्ष निलंबन. आजोबा तेव्हा त्या गावात कुठे उभे होते, काय बघितलं, एक अक्षर नाही. ते दिवस मोजत होते.

दिवस सहावा

परत. सिनसिनाटीला ट्रॅफिक. घरी येऊन वरणभात.

आणि एक शनिवार, दोन आठवड्यांनी : नाडेनहुटन

हे ट्रिपमध्ये नव्हतं, मीच हट्ट केला. कोलंबसपासून पावणेदोन तासांवर. जर्मन नाव, कृपेच्या झोपड्या असा अर्थ. मोरेव्हियन पंथाच्या मिशनऱ्यांनी ख्रिस्ती झालेल्या लेनापे या मूळनिवासी लोकांची गावं इथे वसवली होती. ही माणसं युद्धात कोणाच्याच बाजूने नव्हती म्हणून दोन्हीकडून संशयात. मार्च १७८२ मध्ये, ब्लू लिक्सच्या पाच महिने आधी, ती शेतात राहिलेला मका गोळा करायला परत आली होती. पेनसिल्व्हानियाची मिलिशिया, दीडशेवर माणसं, कर्नल विल्यमसन. गोड बोलून हत्यारं काढून घेतली, रात्री मतं घेतली की मारायचं की कैद करून न्यायचं, थोडे लोक नको म्हणाले ते बाजूला झाले. पकडलेल्यांनी रात्रभर प्रार्थना केली, गाणी म्हंटली. ८ मार्चला सकाळी दोन घरांत नेऊन एकेकाला पिंपं ठोकायच्या लाकडी हातोड्याने. ९६ माणसं, त्यात ३९ मुलं. दोन पोरं निसटली म्हणून जगाला कळलं. शिक्षा कोणालाच नाही.

एक गवताची टेकडी आहे, खाली हाडं, जवळच १८७२ चा खांब. माणसं कोणीच नव्हती, लांब कुठेतरी गवत कापायचं मशीन चालू होतं.

पण इथे नावं आहेत. मोरेव्हियन लोकांना रोजनिशी लिहायची शिस्त, जर्मनमध्ये, कोणाचा बाप्तिस्मा कधी, कोणाचं लग्न कोणाशी, ती दफ्तरं पेनसिल्व्हानियात बेथलेहेमला अजून आहेत. त्यामुळे मेलेल्यांची यादी करता आली. आयझॅक ग्लिखिकन, आधी मोठा योद्धा आणि वक्ता, त्याची बायको ॲना बेनिग्ना. सूनबाईने फोनवर यादी काढली आणि हळू आवाजात वाचली, पुरुष, बायका, मग मुलं.

गाडीत बसल्यावर म्हणाली, माझ्या टॅक्स लिस्टमधल्या दोघांची नावं कुठे असतील. मी म्हंटलं तुझे आजोबा मेले तेव्हा मालमत्तेची यादी झाली असणार, कोर्टाने माणसं पाठवून भांडीकुंडी, ढोरं सगळ्याची किंमत लावली असणार. तिथे नुसता आकडा लिहून चालत नाही, वाटण्या करायला नाव लागतं. काउंटी क्लार्ककडे विल बुक, म्हणजे मृत्युपत्रांचं दफ्तर असतं, ते मागून घे.

संस्थेचा फॉर्म तसाच पडलाय टेबलावर. तिने आधी क्लार्कच्या ऑफिसला मेल केला, दहा दिवसांनी दोन पानं स्कॅन करून आली. अक्षर भयंकर. एक राखाडी घोडी, दोन गायी नि वासरं, नांगर, चरखा, एक जुनं बायबल, किटली, आणि किटलीखाली तीन ओळी, प्रत्येकीपुढे डॉलरमध्ये किंमत, घोडीच्या कितीतरी पट. पहिल्या ओळीचं सुरुवातीचं अक्षर शाई पसरून गेलेलं. तिने स्क्रीनवर मोठं केलं, अजून मोठं केलं.

"आई, हे जे आहे का आय?"

जुन्या हातात दोन्ही सारखंच काढतात. मी म्हंटलं थांब, तो कारकून खाली कुठेतरी नक्की जून किंवा जुलै लिहील, तिथे त्याचा जे बघू. आणि चष्मा आणायला उठले.